मुळशी

मुळशी : महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील एक तालुका, तसेच त्याच्या पश्चिम भागातील सह्याद्रीलगतचे खोरे व त्याच नावाचे जुने गाव. तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड असून ते पुण्याच्या पश्चिमेस सु. ३० किमी.वर आहे. तालुक्याची लोकसंख्या सु. १,७१,००० (२०११). निळा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यात बांधलेल्या धरणामुळे आणि त्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात केलेल्या सत्याग्रहामुळे मुळशीचे नाव आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

भूवर्णन : तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग व तिच्या पलीकडे रायगड जिल्हा, उत्तरेस मावळ तालुका, पूर्वेस हवेली तालुका व पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही महानगरे, तर दक्षिणेस पूर्वीचा वेल्हे तालुका असा मुळशीचा परिसर आहे. मुख्य रांगेपासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरांच्या शाखा आणि त्यांच्यामधील अरुंद खोरी ही येथील भूरचना होय. डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, पायऱ्यापायऱ्यांचे व सपाट माथ्याचे आहेत. पश्चिमेकडे ते एकाएकी तुटून कोकणात उतरतात. पूर्वेकडे मात्र त्यांची उंची क्रमाने कमी होत जाते, खोरी रुंदावतात आणि माणहिंजवडीच्या बाजूस जमीन जवळजवळ पठारी होते. तैलबैला येथील दोन उभ्या कातळभिंती हे भूशास्त्रीय दृष्ट्या या भागाचे लक्षणीय वैशिष्ट्य आहे. तैलबैला, घनगड व कोरीगड ही ठिकाणे घाटमाथ्यावरील जुन्या वाटांवर नजर ठेवणारी होती.

मुळा ही तालुक्यातील प्रमुख नदी. सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावून ती पूर्वेकडे वाहते. निळा ही तिची वरच्या भागातील उपनदी असून या दोन प्रवाहांच्या खोऱ्यातच मुळशीचा जलाशय आहे. धरणाखाली मुळा पौडच्या परिसरातून पुण्याकडे जाते. दापोडीजवळ तिला पवना मिळते, पुण्यात मुठेशी तिचा संगम होतो व पुढे मुळा-मुठा या नावाने ती भीमेस जाऊन मिळते. अशा रीतीने मुळशीच्या डोंगरात पडलेले पाणी स्वाभाविकपणे भीमा व कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागराकडे जाणारे आहे. त्यापैकी मोठा हिस्सा विसाव्या शतकात पश्चिमेकडे वळविण्यात आला. खोऱ्याच्या पुढील इतिहासाचा अर्थ या एका गोष्टीवरून बराचसा स्पष्ट होतो. मुठा नदीचा उगमाकडील भागही याच तालुक्यात असून तीवर टेमघर येथे धरण आहे.

हवामान : पर्जन्यमानातील तीव्र फरक हे तालुक्याच्या हवामानाचे मुख्य लक्षण होय. ताम्हिणीच्या आसपास घाटमाथ्यावर वर्षाकाठी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस पुण्यापर्यंत येता येता तो सु. ७०० मिमी.पर्यंत उतरतो. हे अंतर साठ-सत्तर किमी.पेक्षा अधिक नाही. २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी येथे ५५० मिमी.हून अधिक पावसाची नोंद झाली. म्हणजे पुणे शहरात जेवढा पाऊस वर्षभरात होतो त्याच्या तीन चतुर्थांशांहून अधिक पाऊस येथे एका दिवसात झाला. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, डोंगरावरील वाड्यांना पाणीटंचाई जाणवते.

शेती व लोकजीवन : खोऱ्याच्या तळातील खाचरांत भात आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई हा येथील पिकांचा परंपरागत क्रम होय. भाताची रोपे तयार करण्याआधी शेणकूट, पालापाचोळा व झाडांचे डहाळे जमिनीवर पसरून जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, पद्धत या भागात आहे. पावसाच्या प्रारंभी राबावर बी फेकतात, रोपे हातभर झाली की ती उपटून खाचरांत लावतात. मावळ-मुळशीतील आंबेमोहोर हा सुवासिक तांदूळ पुण्याच्या बाजारात फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. वरकस जमीन एकदोन वर्षे पिकवून काही वर्षे पडीक ठेवावी लागते. त्यामुळे कुटुंबाचा निर्वाह कागदावर दिसणाऱ्या क्षेत्रापेक्षा खाचराच्या प्रतीवर अवलंबून असतो. नदीकाठच्या खाचरांना म्हणूनच येथे असाधारण मोल होते.

वस्ती मुख्यतः कुणबी-मराठा शेतकऱ्यांची असून त्यांना मावळे म्हणतात. त्यांच्याखेरीज महादेव कोळी, कातकरी व घाटमाथ्यावर गुरे राखणारे गवळी धनगर हे समाज पूर्वापार राहत आले आहेत. गाव लहान, त्याच्या भोवती विखुरलेल्या वाड्या, गावाच्या शिवेवर देवराई आणि डोंगराच्या खांद्यावरून जाणाऱ्या पाऊलवाटा असे वस्तीचे स्वरूप होते. मीठ, मासळी व तांदूळ यांची ने-आण घाटवाटांनी होत असे. सांप्रत पुणे व कोकण यांना जोडणारा ताम्हिणी घाटाचा रस्ता हा तालुक्यातील मुख्य मार्ग होय.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : सह्याद्रीच्या पूर्वेकडील खोऱ्यांना मावळ अशी संज्ञा आहे. पुण्याखालील बारा मावळांपैकी पौड मावळ, कोरबारसे मावळ व मुठे खोरे यांचा प्रदेश सामान्यतः आजच्या मुळशी तालुक्याच्या परिसरात येतो. प्रत्येक मावळाचा कारभार देशमुखाकडे असे व गावपातळीवर पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांची व्यवस्था होती. राजसत्ता बदलली तरी डोंगराळ भागातील ही वतनी घडी फारशी बदलत नसे. सतराव्या शतकाच्या मध्यास छत्रपती शिवाजी महाराजांनी मावळातील देशमुखांना व सामान्य शेतकऱ्यांना एकत्र आणून स्वराज्याचा पाया घातला. मावळा हा शब्द त्यामुळे केवळ प्रदेशवाचक न राहता निष्ठावान शिपायाचा वाचक बनला. पुढे १९२१ मध्ये या शब्दाचा भावनिक आधार सत्याग्रहाच्या नेत्यांनी घेतला, तो याच परंपरेमुळे होय.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल प्रॉथर याच्या तुकडीने मार्च १८१८ मध्ये कोरीगड घेतला व हा सर्व प्रदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला.

ब्रिटिश अंमल व जमिनीची मालकी : ब्रिटिश काळात मुळशी हा हवेली तालुक्यातील एक पेटा होता. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक क्षेत्राचा सारा ठरविण्यात आला आणि जमीन गहाण टाकता येईल व विकता येईल अशी मालमत्ता झाली. सारा रोखीने व ठरावीक मुदतीत भरावयाचा असल्याने शेतकऱ्यास सावकाराचा आश्रय घ्यावा लागे. या व्यवहाराचा शेवट पुष्कळदा जमीन सावकाराच्या नावे होण्यात होत असे. पुणे जिल्ह्यात मे १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांचे मूळ याच प्रश्नात होते. दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, तरी जमिनी हस्तांतरित होण्याची प्रक्रिया थांबली नाही. मुळशी पेट्यातही विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत पुष्कळ चांगली भातजमीन पुण्यातील सावकारांच्या नावे झाली होती. ती कसणारे मात्र मावळेच होते. एकाच खाचराशी अशा रीतीने दोन पक्षांचा संबंध होता : एकाचा खंडापुरता व दुसऱ्याचा पोटापुरता.

जलविद्युत् योजना : मुंबईतील कापड गिरण्या दगडी कोळशावर चालत व तो कोळसा दूरवरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून ते पश्चिमेकडील कड्यावरून खाली सोडल्यास स्वस्त वीज मिळेल, या कल्पनेचा जमशेटजी टाटा यांनी पाठपुरावा केला. त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) १९१० मध्ये पहिली कंपनी स्थापन होऊन लोणावळ्याच्या परिसरातील जलाशयांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोली येथील वीजघर सुरू झाले. १९१६ मध्ये आंध्रा खोऱ्यासाठी दुसरी कंपनी निघाली व १९२२ मध्ये भिवपुरी येथे वीज निर्माण होऊ लागली. निळा-मुळा खोऱ्याची योजना ही या मालिकेतील तिसरी. तिच्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनीची स्थापना झाली.

योजनेची रचना पुढीलप्रमाणे होती : मुळशीजवळ धरण बांधून निळा व मुळा यांचे पाणी अडवावयाचे, ते बोगद्याने सह्याद्रीच्या कड्यापर्यंत न्यावयाचे आणि तेथून लोखंडी नळांतून सु. ५०० मी. खाली कोकणातील भिरा (रायगड जिल्हा) येथे सोडून त्या दाबावर जनित्रे चालवावयाची. वापरलेले पाणी कुंडलिका नदीत जाते. एवढा मोठा उतार थोड्या अंतरात मिळणे हा निसर्गाने दिलेला लाभ होता. परंतु त्यासाठी जलाशय डोंगराच्या माथ्यावर नव्हे, तर खोऱ्याच्या तळाशी, म्हणजे नेमका भातखाचरांवरच, होणार होता. योजनेमुळे पन्नासहून अधिक गावे व वाड्या आणि सु. ११ हजार लोक बाधित होणार होते.

भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये करण्यात आले. सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकारने जमीन ताब्यात घ्यावी, तसेच विशिष्ट अटींवर ती कंपनीस मिळवून द्यावी, अशी तरतूद त्यात होती. मालकास मिळावयाचा मोबदला रोख पैशाच्या रूपात असे. विस्थापितांना अन्यत्र जमीन द्यावी, गाव वसवून द्यावे, असे कोणतेही बंधन कायद्यात नव्हते. मोबदला दप्तरी नोंद असलेल्या हक्कावर ठरत असल्याने सावकाराच्या नावावरील शेत कसणाऱ्या कुळास, बलुतेदारास, गुरे चारणाऱ्या धनगरास किंवा रानावर जगणाऱ्या कातकऱ्यास त्यातून फारसे काही मिळण्याजोगे नव्हते.

मुळशी सत्याग्रह : योजनेसाठी मोजणी व खोदकाम सुरू झाल्यावर खोऱ्यातील लोकांना संकटाची जाणीव झाली. सुरुवातीस अर्जविनंत्या झाल्या, सभा भरल्या, वृत्तपत्रांतून चर्चा झाली. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले होते व असहकारितेच्या चळवळीने देशात नवे वातावरण निर्माण केले होते. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, पां. म. बापट, शंकरराव देव, वि. म. भुस्कुटे इ. पुढाऱ्यांनी मावळ्यांच्या बाजूने प्रश्न हाती घेतला. ‘जान किंवा जमीन’ ही चळवळीची घोषणा होती.

रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी, सु. १,२०० मावळे धरणाच्या जागी जमले व तेथे बसून त्यांनी काम बंद पाडले. स्त्रियाही त्यांत होत्या. हा पहिला टप्पा शांततामय होता व काम काही काळ थांबविण्यात आले. महात्मा गांधींनी यंग इंडिया या आपल्या साप्ताहिकात मुळशीच्या प्रश्नावर लिहून मावळ्यांविषयी सहानुभूती प्रकट केली व टाटांनी फेरविचार करावा अशी अपेक्षा व्यक्त केली. 

डिसेंबर १९२१ मध्ये सत्याग्रहाचा दुसरा टप्पा सुरू झाला. कामाच्या जागी जाऊन बसणे, खोदकाम अडविणे आणि अटक झाल्यास शिक्षा भोगणे असा त्याचा क्रम होता. सत्याग्रहींच्या तुकड्यामागून तुकड्या तुरुंगात गेल्या. त्यांत मावळे होते, त्याहून अधिक संख्येने महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आलेले स्वयंसेवक होते, तसेच स्त्रिया व मुलेही होती. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना अटक झाली व राष्ट्रीय चळवळ ओसरली, त्याचा परिणाम मुळशीवरही झाला.

चळवळीस बाहेरून जेवढा विरोध झाला, तेवढीच ती आतून दुभंगली. सरकारने भूसंपादनाचा मार्ग मोकळा केल्यावर जमिनी ज्यांच्या नावे होत्या त्या पुण्याच्या सावकारांना योग्य मोबदला घेऊन मोकळे होणे हिताचे वाटले. लढा चालू राहिला तो मोबदल्याचा दर वाढवून घेण्यासाठी की जमीन राखण्यासाठी, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. मावळ्यांच्या दृष्टीने पैसा हा जमिनीला पर्याय नव्हता. भाताची जमीन विकत मिळणे दुर्मिळ होते आणि हाती आलेली रक्कम पुष्कळदा जुन्या कर्जातच जाणारी होती. राष्ट्रीय पुढाऱ्यांतही एकवाक्यता नव्हती. स्वदेशी भांडवलाने उभी राहणारी ही योजना उद्योगधंद्यांना लाभदायक आहे, तेव्हा तीस विरोध करणे योग्य नव्हे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. स्वदेशी असली तरी दुर्बलांच्या संमतीवाचून त्यांची भूमी घेणारी योजना न्याय्य ठरत नाही, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन होते. ब्राह्मणेतर चळवळीच्या काळात पुण्याच्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांच्या हेतूंविषयीही शंका घेतल्या गेल्या. परकी सत्तेविरुद्धच्या लढ्यात जी एकजूट सहज साधत असे, ती येथे साधली नाही. कारण प्रतिपक्ष केवळ सरकार नव्हते.

सेनापती बापट : पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) हे मूळचे पारनेरचे (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर). शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरो येथे शिक्षणासाठी गेले व तेथे क्रांतिकारकांच्या संपर्कात आले. मुळशीच्या लढ्यात त्यांनी वारंवार कारावास पतकरला व याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही लोकपदवी मिळवून दिली. त्यांची ‘शुद्ध सत्याग्रहा’ची कल्पना गांधीजींच्या कल्पनेहून भिन्न होती. अन्याय रोखण्यासाठी प्रसंगी बळाचा वापर करावा, मात्र आपली कृती न लपविता तिची पूर्ण शिक्षा भोगावी, असे त्यांचे मत होते. लोकांचा प्रतिकार मंदावला असता १९२४ च्या अखेरीस त्यांनी निवडक साथीदारांसह धरणाच्या कामगारांना नेणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली. या प्रसंगी शस्त्रांचा वापर झाला व काहींना दुखापत झाली. बापट स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली. या घटनेबरोबर मुळशी सत्याग्रह संपुष्टात आला.

धरण व त्याचे परिणाम : १९२७ मध्ये धरण पूर्ण होऊन भिरा येथील वीजघर कार्यान्वित झाले. धरणाची लांबी सु. १,५३० मी. व उंची सु. ४९ मी. असून जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. ५२ कोटी घन मी. आहे. या विजेमुळे मुंबईच्या उद्योगधंद्यांस चालना मिळाली व शहराच्या वाढत्या गरजा भागल्या. भिरा येथील मूळ वीजघराची क्षमता १५० मेवॉ. असून पुढे १९९०–२००० च्या दशकात तेथे उदंचन पद्धतीचे १५० मेवॉ.चे जनित्र बसविण्यात आले. विजेची मागणी कमी असताना पाणी पुन्हा वर चढवून मागणीच्या वेळी ते खाली सोडण्याची ही पद्धत आहे. वीजघरातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेवरील डोलवहाळ बंधाऱ्यापाशी अडवून रोहे परिसरातील शेतीस व उद्योगांस दिले जाते. योजनेचा हा लाभ मूळ आराखड्याच्या पलीकडचा होय.

खोऱ्यातील लोकांच्या वाट्यास मात्र वेगळे जीवन आले. तळातील खाचरे पाण्याखाली गेल्यावर अनेक कुटुंबे जलाशयाच्या काठावरील उतारांवर सरकली व जुन्याच गावांची नावे नव्या वस्त्यांना देऊन राहिली. ताम्हिणी, निवे, वडुस्ते, भांबर्डे, पोमगाव, शिरगाव ही आज जलाशयाच्या परिसरात असलेली काही गावे. इतर कुटुंबे पुणे-मुंबईकडे मजुरीसाठी गेली. एका काठावरील गावातून समोरच्या गावात जाण्यास पूर्वी नदी ओलांडावी लागे, आता जलाशयास वळसा घालावा लागतो. ज्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले त्याच्या काठच्या वाड्यांत वीज पोचण्यास कित्येक दशके जावी लागली. जमिनी गेल्यामुळे मावळ्यांना आणखी एका लाभास मुकावे लागले. १९४८ च्या कुळकायद्याने व त्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळास जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मुळशीतील जी कुळे सावकारांची भातजमीन कसत होती, त्यांची जमीन तोवर तीस वर्षे पाण्याखाली होती.

पाण्याच्या दिशाबदलाचा प्रश्नही शिल्लक राहिला. कृष्णा पाणी तंटा लवादाने (बच्छावत लवाद) आपल्या निवाड्यात टाटा जलविद्युत् योजनांसाठी कृष्णा खोऱ्याबाहेर वळवावयाच्या पाण्यावर एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांची वाढ आणि भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांची गरज यांमुळे मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे.

अन्य देशांतील उदाहरणे : विसाव्या शतकाच्या प्रारंभी औद्योगिक देशांतही अशाच रीतीने लहान खेडी जलाशयांखाली गेली. जर्मनीत हेसन प्रांतात एडर नदीवर १९०८ ते १९१४ या काळात धरण बांधण्यात आले. त्यात आझेल, बेरिख व ब्रिंगहाउझेन ही गावे बुडाली. जलाशयाचे पाणी ओसरले की त्यांचे अवशेष आजही दृष्टीस पडतात. बेरिखच्या रहिवाशांसाठी नॉय-बेरिख, म्हणजे नवे बेरिख, हे गाव अन्यत्र वसविण्यात आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅलिफोर्नियातील हेच हेची खोऱ्यात धरण बांधण्यास तेथील निसर्गप्रेमींनी तीव्र विरोध केला होता, परंतु १९१३ मध्ये त्यास कायद्याने मान्यता मिळाली. हेच हेचीचा वाद प्रामुख्याने निसर्गरक्षणाचा होता, मुळशीचा लढा जमिनीवर जगणाऱ्यांच्या हक्काचा होता. याच कारणास्तव राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात मुळशी सत्याग्रहास जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. त्यांच्या विवेचनात सावकार, मध्यमवर्गीय पुढारी व मावळे यांच्या परस्परविरोधी हितसंबंधांवर विशेष भर आहे. तत्पूर्वी लढ्यातील एक प्रमुख कार्यकर्ते वि. म. भुस्कुटे यांनी मुळशी सत्याग्रह या ग्रंथात त्याची हकीकत नोंदवून ठेवली होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात अनेक धरणे झाली आणि विस्थापितांचा प्रश्न व्यापक बनला. १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला व पुढे त्यात सुधारणा होऊन नवे कायदे झाले. जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन व नागरी सुविधांसह गावठाण ही तत्त्वे त्यांतून रूढ झाली. १८९४ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून रद्द होऊन त्याच्या जागी आलेल्या नव्या केंद्रीय कायद्याने बाधितांची संमती, सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि मालकांव्यतिरिक्त इतर अवलंबितांचे पुनर्वसन यांना स्थान दिले. मुळशीत १९२१ मध्ये जे मागितले गेले त्याचा काही अंश अशा प्रकारे नव्वद वर्षांनी कायद्यात आला. तो मुळशीच्या विस्थापितांना लागू होणे शक्य नव्हते.

सांप्रत तालुक्याचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे दिसतात. पश्चिम भाग जंगल, जलाशय व विरळ वस्तीचा आहे. तेथे २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य घोषित झाले. पर्यटन, शेतघरे व डोंगरावरील वसाहती यांमुळे जमिनीचे व्यवहार तेथेही वाढले आहेत. वरसगाव जलाशयाच्या काठावरील लवासा या गिरिनगराच्या बांधकामावर नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारवाई केली, तेव्हा डोंगरउतारावरील बांधकामांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

पूर्व भाग महानगरास लागून आहे. हिंजवडी येथे १९९० नंतरच्या काळात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र विकसित केले व त्याचा विस्तार माण गावापर्यंत झाला. मारुंजी, नेरे, जांबे, कासारसाई ही शेजारची गावे त्यामुळे शहराच्या कक्षेत आली. तालुक्याच्या ईशान्य भागातील जांबे हे यांपैकी एक लहान गाव. येथील जमिनीचे मोल आता पिकावरून ठरण्याऐवजी महानगराच्या सान्निध्यावरून ठरू लागले आहे. या परिसराचे नियोजन मार्च २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. पश्चिम मुळशीत जमीन सक्तीने व एकाच वेळी गेली, पूर्व मुळशीत काही सक्तीने तर पुष्कळशी विक्रीने व हळूहळू जात आहे. विक्रीचा पैसा हाती येणारा मालक आणि जमिनीवर हक्क नसलेला मजूर यांच्यातील जुना भेद मात्र दोन्हीकडे सारखाच आढळतो.

मूल्यमापन : मुळशी सत्याग्रह आपले उद्दिष्ट साध्य करू शकला नाही. धरण झाले, गावे उठली व नेते तुरुंगात गेले. तरी त्याचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सत्याग्रहाचे साधन महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर प्रथम येथे वापरले गेले. विकासाची किंमत कोणी द्यावी, ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्याच्या नावे जमीन आहे त्याला मोबदला दिला म्हणजे ती कसणाऱ्याचा प्रश्न सुटतो काय, हे प्रश्न या लढ्याने प्रथम उपस्थित केले. त्याचबरोबर चळवळीच्या मर्यादाही मुळशीत दिसून आल्या. ज्यांचे सर्वस्व जावयाचे होते त्यांच्या हाती नेतृत्व नव्हते आणि ज्यांच्या हाती ते होते त्यांच्यापैकी सर्वांचे हित मावळ्यांच्या हिताशी जुळणारे नव्हते. धरणाची उपयुक्तता शंभर वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाली असली, तरी त्यायोगे मावळ्यांच्या तक्रारीस उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही. कारण त्यांचा आक्षेप विजेवर नव्हता. ती ज्या रीतीने मिळविली गेली त्या रीतीवर होता.